माथ्याचं गाव, पायथ्याचं गाव

४ मे २०२५, रविवार

जर्मनीतल्या गाइसलिंगनचं घर आज फोनवर पाहिलं. तीन खोल्या, पांढऱ्या भिंती, मोठी खिडकी आणि खिडकीबाहेर थेट डोंगराचा चढ. सूनबाईने स्वयंपाकघराचं दार उघडलं, तर आत काहीच नाही. ओटा नाही, बेसिन नाही, नळ नाही. भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले आणि त्यांना बुचं मारलेली. मला वाटलं, काम चालू असेल. ती म्हणाली, "आई, इथे घर असंच मिळतं. आधीचा भाडेकरू जाताना आपलं स्वयंपाकघर उचलून नेतो. नव्याने आपलं आणून बसवायचं."

हॉस्पिटलमधल्या एका सहकारी बाईंकडून तिने वापरलेला ओटा आणि कपाटं विकत घेतली आहेत. बसवणाऱ्याची मजुरी तिने सांगितली तेव्हा हे गप्पच झाले. मुलगा इलेक्ट्रिशियन आहे. तो पोहोचला की बसवील. तोवर ती न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये भांडी धुणार आणि विजेच्या एका शेगडीवर भात लावणार. अनामत म्हणून तीन महिन्यांचं भाडं भरलं. नवरा आणि मूल यायचं आहे, म्हणून एकटीसाठी एवढं मोठं घर तिने आधीच घेऊन ठेवलं.

२०२३मध्ये ती गेली तेव्हा बाळ चार वर्षांचा होता. नाशिकच्या नोकरीसाठी रोज सकाळच्या गाडीने जायची आणि जर्मनचा अभ्यास त्या गाडीतच करायची. उभं राहायला जागा मिळाली तरी वही उघडायची. बी-टू पातळीची परीक्षा पास झाली, तरी तिकडे गेल्यावर लगेच नर्स म्हणून मान्यता मिळाली नाही. इथल्या अभ्यासक्रमात आणि तिथल्या अभ्यासक्रमात काय कमी-जास्त आहे याचं पत्र आलं. मग मदतनीस म्हणून कमी पगारावर काम आणि जोडीला मान्यतेची परीक्षा. ती परीक्षा होईपर्यंत कुटुंबाचा विषय तिने स्वतःहून काढला नाही.

आज रविवार, म्हणून ती निवांत बोलली. तिथे रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी मीठ संपलं तर सोमवारपर्यंत शेजारणीकडे मागायचं, एवढीच सोय.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

दोघांचे पासपोर्ट व्हिसा लागून आले. लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, त्यांची जर्मन भाषांतरं. एका कागदावर मुलाच्या नावात एक अक्षर जास्त होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र. नगरपरिषदेतल्या बाई आता आम्हाला नावाने ओळखतात.

संध्याकाळी धम्मगिरीच्या, आमच्या इगतपुरीतल्या विपश्यना केंद्राच्या, रस्त्याने चालून आले. पौर्णिमेमुळे गर्दी होती. पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेली परदेशी मुलंमुली स्टेशनातून बाहेर पडून या रस्त्याला लागतात, हे आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो. पण ज्यांनी हे केंद्र उभं केलं त्या सत्यनारायण गोएंकांच्या आयुष्याकडे मी आज वेगळ्या बाजूने बघत होते. मारवाडी घराणं, पण त्यांचा जन्म १९२४चा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. १९४२मध्ये जपानी फौजा आल्या आणि कुटुंबाला तिथून निघून भारतात यावं लागलं. युद्ध संपल्यावर ते परत गेले आणि व्यवसाय पुन्हा उभा केला. साठच्या दशकात तिथल्या लष्करी सरकारने राष्ट्रीयीकरण करून कारखाने ताब्यात घेतले. १९६९मध्ये गोएंका भारतात आले आणि १९७६मध्ये आमच्या या टेकडीवर केंद्र सुरू झालं. एका माणसाच्या हयातीत घर इतक्या वेळा मोडलं आणि मांडलं गेलं. पगोड्याचा कळस बघताना मला त्यांच्या बायकोचं काय झालं असेल, तिने प्रत्येक वेळी काय बरोबर घेतलं असेल, हेच मनात येत राहिलं.

२५ मे, रविवार

मोसमी पाऊस महाराष्ट्रात आल्याचं आज वेधशाळेने जाहीर केलं. मे महिन्यात! आमच्याकडे तर तो आधीच मुक्कामाला आहे. वाळवणं राहिली. कुरडया अर्ध्या ओल्या.

ह्यांना पावसाची चिंता नाही. त्यांना सध्या एकच वेड लागलं आहे. सूनबाई ज्या गावात राहते त्याचं पूर्ण नाव 'गाइसलिंगन अन डेर श्टाइगे', म्हणजे घाटाजवळचं गाइसलिंगन, आणि तो घाट रेल्वेचा आहे, हे मुलाने दाखवल्यापासून ते मोबाइल सोडत नाहीत. ह्यांची सगळी नोकरी कसारा घाटात बँकरवर गेली. कसाऱ्याला गाडीच्या मागे इंजिनं लावायची, ढकलत इगतपुरीपर्यंत आणायची, इथे सोडायची, मोकळी परत न्यायची. पुन्हा पुढची गाडी.

आज त्यांनी माझ्यासमोर वहीत दोन्ही घाट मांडले. आमचा कसारा–इगतपुरी मार्ग १८६५च्या १ जानेवारीला सुरू झाला; तिथला श्टुटगार्ट–उल्म मार्गावरचा घाट १८५०चा, म्हणजे आमच्याहून पंधरा वर्षांनी जुना. आमचा चढ ३७ला १. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यांचा साडेचव्वेचाळीसला १. "आपला कडक," हे म्हणाले, आणि चेहऱ्यावर जे समाधान आलं ते निवृत्तीनंतर मी क्वचित पाहिलं आहे. तिथेही जड मालगाड्यांना मागून इंजिन लागतं. २०२२च्या डिसेंबरात नवा वेगवान मार्ग झाल्यापासून लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या गाइसलिंगन टाळून जातात, पण जुना घाट चालू आहे. फरक एवढाच की इगतपुरी घाटाच्या माथ्यावर आहे आणि गाइसलिंगन पायथ्याशी. म्युनिकला उतरून उल्ममार्गे गेलं तर मुलगा आणि बाळ घाट उतरून घरी पोहोचतील.

माझे सासरे जुन्नरकडून इथे नोकरीला आले तेव्हा सासूबाईंना हा मुलूख परकाच होता. चार महिने सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, आजूबाजूला इंग्रजी बोलणारी रेल्वेची माणसं. सासरे 'खेकडा' म्हणायचे त्या इंजिनावर होते. १९३०मध्ये इगतपुरीपर्यंत वीज आली, त्या काळातलं ते इंजिन. पहिले खेकडे स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला बनले होते. हे म्हणतात, गाइसलिंगनहून विंटरथूर काही फार लांब नाही. नकाशावर बोटाने दाखवलं.

१३ जून, शुक्रवार

काल दुपारी अहमदाबादचं विमान पडलं. टीव्ही बंद करून ठेवला. बाळाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याला अंगणवाडीतल्या मित्राने सांगितलं. त्याने विचारलं, "आपलं विमान वेगळं आहे ना?" मी हो म्हटलं. परवा निघायचं आहे.

सूनबाईचा फोन दिवसातून कितीदा तरी आला. बोलली बॅगेच्या वजनाबद्दलच.

१६ जून, सोमवार

गेले. पोहोचले. घाट उतरताना मुलाने खिडकीतून चित्रफीत काढली ती ह्यांनी रात्री जागून पाहिली. डावीकडे खडक, उजवीकडे दरी, खाली लाल कौलांची घरं.

विमानतळावर कसं जायचं यावरून घरात दोन मतं होती. हे म्हणत होते, गाडीने जायचं, घाट बाळाने शेवटचा आपल्या इंजिनामागून बघावा. पण चार मोठ्या बॅगा घेऊन दादरचे जिने कोण चढणार? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जूनला खुला झाला, तिकडूनच गेलो. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा. ज्या घाटासाठी माणसांनी एवढे कष्ट उपसले, तो बोगद्यात काही मिनिटांत संपतो. ह्यांनी सबंध बोगद्यात एक शब्द उच्चारला नाही.

आज शाळा उघडल्या. मी ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तिच्यासमोरून सकाळी गेले. पहिलीच्या मुलांच्या हातात फुलं, नवी पुस्तकं, काहींची रडारड. बाळ आज पहिलीत बसला असता. तिथे त्याची शाळा सप्टेंबरात. म्हणजे उरलेला उन्हाळा त्याला आईबरोबर मिळेल. दोन वर्षं आई त्याला फोनच्या काचेवर भेटत होती. काल तिने त्याला कडेवर घेतलं तेव्हा त्याचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत आले.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

आज उपवासाच्या गडबडीत मुलाने जिना झाडत असतानाच फोन केला. इमारतीतली कुटुंबं आळीपाळीने आठवडाभर जिना, दारापुढची जागा आणि तळघराची वाट साफ करतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. श्वाबेन भागातली ही जुनी रीत. थंडीत बर्फ पडला तर दारासमोरची पायवाट मोकळी करणंही त्यात आलं. खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाईंनी पहिल्या आठवड्यात येऊन कठड्यावरची धूळ बोट फिरवून दाखवली. मुलाला राग आला नाही. तो म्हणाला, "बाबा शेडमध्ये असंच बघायचे." त्याने कठडा पुन्हा पुसला आणि बाईंनी त्याला चेरीचा मुरंबा दिला.

ओटा बसला. पाणी आलं. शेगडीची तार मात्र त्याने स्वतः जोडली नाही, कारण तिथे ते काम परवानाधारक माणसानेच करायचं असतं. गोंद्याच्या कारखान्यात ज्याने मोठमोठ्या यंत्रांच्या पॅनेलवर काम केलं, त्याला आपल्या घरातली शेगडी जोडायला दुसऱ्याची वाट बघावी लागली. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी बाळ, संध्याकाळी स्वयंपाक. सूनबाईची पाळी कधी पहाटे सहाला, कधी रात्रभर. गोपिंगनच्या हॉस्पिटलला ती रेल्वेने जाते.

इथे लोक काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. "बायकोच्या मागे गेला." देवळात एकीने मला तोंडावर विचारलं, मुलगा तिकडे काय करतो? मी सांगितलं, घर चालवतो. मला हे अभिमानाने सांगायचं होतं आणि मी तसंच सांगितलं. आमच्या पिढीत रेल्वेतल्या नवऱ्यांच्या बदलीमागे बायकांनी नोकऱ्या सोडल्या, गावं सोडली, तेव्हा कुणी त्याचा उच्चारही केला नाही.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. साठच्या दशकात केरळातल्या कितीतरी तरुण मुली कॅथलिक संस्थांमार्फत पश्चिम जर्मनीत परिचारिका म्हणून गेल्या. घरची कर्जं त्यांनी फेडली, भावंडांना शिकवलं. पुढे लग्नं झाली आणि नवरे तिकडे गेले, तर त्यांना काही वर्षं काम करायची परवानगीच नव्हती. शिकलेसवरलेले पुरुष मुलं सांभाळत घरी राहिले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात परिचारिकांची गरज कमी वाटू लागली तेव्हा अनेकींचे परवानेच वाढवून दिले नाहीत. आता पुन्हा गरज आहे. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने याच बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायची म्हणून. त्या वेळी माझी सून तिथे एकटी परीक्षेचा अभ्यास करत होती. करारात मनुष्यबळाचा आकडा असतो. त्या प्रत्येक माणसामागे एक आजी, एक नवरा, एक चार वर्षांचं मूल किती दिवस थांबणार, याचंही कुणीतरी नियोजन करायला हवं. भाषेच्या वर्गाइतकंच ते महत्त्वाचं आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

सलग पाऊस. भात लावून झाला, खाचरं भरली आहेत. घरात दिवसाही दिवा.

जाळीचं कपाट आज आवरलं. सागवानी, चार पायांचं, पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे म्हणजे मुंग्या चढत नाहीत. सासूबाईंनी ते रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन बाईंकडून घेतलं होतं. ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं होतं, सगळं विकत होतं. सासूबाई सांगायच्या, त्या बाईंनी कपाट देताना आतल्या फळ्या स्वतः घासून धुऊन दिल्या आणि सांगितलं, दर पावसाळ्यापूर्वी जवसाचं तेल लावा. सासूबाईंनी लावलं. मीही लावते.

एके काळी ही रेल्वे कॉलनी अँग्लो-इंडियन लोकांची होती. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन बहुतेक तेच. इन्स्टिट्यूटमधले नाच, नाताळ, चर्चची घंटा, बंगल्यांपुढचे गुलाबांचे वाफे. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३३६व्या कलमाने रेल्वे, कस्टम्स, टपाल आणि तार या खात्यांत त्यांना राखीव जागा ठेवल्या, पण दर दोन वर्षांनी त्या दहा टक्क्यांनी घटवत दहा वर्षांत संपवायच्या होत्या. म्हणजे घरातला मोठा मुलगा इंजिनावर लागला आणि धाकट्यासाठी दार मिटत गेलं. आधी इंग्लंडला गेले. पुढे साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाचे गोऱ्यांपुरते नियम सैल होऊ लागले तसे तिकडे. 'होम' म्हणून जो देश त्यांनी आयुष्यभर मनात धरला होता तो अनेकांनी बोटीतून उतरताना पहिल्यांदा पाहिला. इथे घरी कामाला बाई असलेल्या गृहिणी तिथे कारखान्यात आणि कचेरीत लागल्या. इगतपुरीत त्यांची आठवण 'गेले ते' एवढीच उरली आहे. ते कसे राहिले, पहिल्या थंडीत काय केलं, हे इथल्या कुणी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. म्हणून मी सूनबाईला विचारते, आणि ती सांगते ते लिहून ठेवते.

आपल्याच तालुक्यातली किती माणसं समुद्र न ओलांडता गाव गमावून बसली! दारणा, वैतरणा, मुकणे, भावली. धरणांत ज्यांची जमीन गेली त्यांनाही नव्या गावात नवी ओळख काढावी लागली. त्यांना निरोप द्यायला विमानतळावर कुणी गेलं नव्हतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

बाळाने मातीचा गणपती केला. सोंड मोठी, उंदीर त्याहून मोठा. रविवारी ते श्टुटगार्टच्या मराठी मंडळींच्या गणपतीला जाणार. तिथे नाशिकची बरीच माणसं भेटतात म्हणे. त्यात नवल नाही. बॉश कंपनी त्या गावची, आणि आपल्याकडे मायको म्हणून तिने नाशिकच्या किती घरांना पगार दिला. सातपूरच्या कामगारांच्या मुलांना श्टुटगार्ट हे नाव लहानपणापासून ऐकून माहीत. मुंबई आणि श्टुटगार्ट ही तर १९६८पासून भगिनी-शहरं आहेत.

२० सप्टेंबर, शनिवार

आज बाळाची शाळा सुरू झाली. इथे पितृपक्ष. शेजारच्या काकू म्हणाल्या, चांगला दिवस बघायला हवा होता. मला शिक्षिका म्हणून शाळेचा कुठलाही पहिला दिवस चांगलाच वाटतो.

आणि काय दिवस करतात तिथे! पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या छातीइतका उंच पुठ्ठ्याचा शंकू. आत खाऊ, पेन्सिली, रंग. घरच्यांनी तो स्वतः करायचा असतो. मुलाने निळ्या कागदाचा केला आणि बाहेरून इंजिन चिकटवलं, मागे दोन बँकर. सूनबाईने रात्रपाळी करून आल्यावर त्यात राजगिऱ्याच्या वड्या भरल्या, ज्या मी जूनमध्ये दिल्या होत्या. तिने तीन महिने त्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मोठ्या मुलांनी गाणी म्हटली, मग नव्या मुलांना एकेक नाव पुकारून बाई वर्गात घेऊन गेल्या आणि आईवडील बाहेर थांबले. दप्तर मात्र नवं नाही. दोनशे युरोंच्या पुढे किंमत असते, म्हणून एका सहकारी बाईंच्या मुलाचं घेतलं. स्वच्छ, मजबूत. बाळाला त्यावरचा डायनोसॉर आवडला.

जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तिथे तयारीचा वेगळा वर्ग असतो, त्यात तो दिवसाचा काही वेळ बसेल. गणिताला आणि खेळाला बाकीच्यांबरोबर. मी चाळीसेक मुलांचा वर्ग सांभाळत होते, त्यात ठाकर वाड्यांवरून येणारी मुलं असायची. पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांनाही घरची नव्हती. त्यांच्यासाठी असा वेगळा वर्ग, वेगळ्या बाई, सरकारने कधी दिल्या असत्या तर किती मुलं चौथीनंतर टिकली असती. हे मला आज फार लागलं.

मराठीचं मी बघते. शनिवारी आमची फोनवर बाराखडी. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली लोकांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. कोकणातून जाऊन, हिब्रू शिकून, वाळवंटाकाठच्या गावांत घरं मांडून! ते करू शकले, तर आठवड्यातून अर्धा तास काहीच नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

फराळाचं पार्सल आज टपालात दिलं. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ पाठवता येत नाहीत, तुपाचेही नाहीत. म्हणून बेसनाचे लाडू नाहीत, चिरोटे नाहीत. चकल्या, चिवडा, तेलाच्या मोहनाच्या शंकरपाळ्या. लाडू ती तिथल्या लोण्याचं तूप कढवून करणार.

रात्री तिच्याशी बराच वेळ बोलणं झालं. तिला दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी विचारलं, कामाचं सांग. आजवर ती 'चांगलं आहे' एवढंच म्हणायची.

ती म्हणाली, नाशिकला ती सलाइन लावायची, इंजेक्शनं, औषधं, डॉक्टरांबरोबर फेरी. पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे नातेवाईक करायचे नाहीतर मावशी करायच्या. प्रत्येक खाटेजवळ कुणीतरी डबा घेऊन बसलेलं असायचं. तिथे खाटेजवळ कुणी नसतं. मुलगा हॅम्बुर्गला, मुलगी कामावर. नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला उठवून, पुसून, दाढी करून, पावाचे तुकडे करून भरवणं हेच नर्सचं काम. आणि ज्या गोष्टी ती इथे रोज करायची, त्यांतल्या काही तिथे फक्त डॉक्टर करतात. पहिल्या महिन्यांत तिला वाटलं, आपलं शिक्षण वाया गेलं. केरळच्या आणि फिलिपिन्सच्या मुलींनाही तसंच वाटत होतं. त्या एकत्र बसून रडायच्या.

मग म्हणाली, "आई, एका आजोबांचे पाय धुताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना बोलता येत नव्हतं. मला बाबांचे पाय आठवले. पण खरं सांगू, रोज असं काही होत नाही. रोज कंबर दुखते. आणि तरी मला हे काम आता येतं. अंगाला हात लावला की माणूस घाबरलाय की दुखतंय हे मला कळतं. भाषा कमी पडते तिथे हे उपयोगी पडतं."

मी तिला विचारलं, परत यावंसं वाटतं का? ती थोडा वेळ थांबली. "यावंसं वाटतं तेव्हा झोपायचं असतं, आई. झोप झाली की नाही वाटत."

मला तिच्याबद्दल इतका आदर वाटला की पुढे काही बोलता आलं नाही. या कुटुंबाचं तिकडचं जे काही आहे, घर, शाळा, आरोग्यविमा, महिन्याला बाळासाठी सरकार देतं ते २५५ युरो, हे सगळं तिने त्या दोन वर्षांत एकटीने उभं केलं. बाकीचे आम्ही नंतर त्यात शिरलो. दिवाळीत इथे कुणी 'मुलगा परदेशी असतो का' असं विचारलं तर मी सांगणार आहे, सून असते. मुलगा तिच्याकडे गेला.

२६ ऑक्टोबर, रविवार

तिकडची घड्याळं आज तासाने मागे गेली. आता साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर. बाळ झोपतो तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असेल. फोन सकाळी, शाळेआधी, असं ठरलं.

काल ते गोपिंगनला मेर्क्लिनचं संग्रहालय बघायला गेले होते. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या करणारी ही कंपनी १८५९पासून त्या गावात आहे. तिथे बाळाने एका इंजिनाकडे बोट दाखवून "खेकडा!" म्हटलं. ते खेकडा नव्हतं, स्विस रेल्वेचं 'क्रोकोडील' होतं, मेर्क्लिनचं सगळ्यांत नावाजलेलं खेळणं. पण पुढेमागे लांब नाकं, मधे खोली, तीच ठेवण. सासऱ्यांचा इंजिनाशेजारचा जुना फोटो आमच्या भिंतीवर आहे, तो त्याने रोज पाहिलेला. हे दिवसभर सगळ्यांना फोन करून सांगत होते की पोराने बरोबर ओळखलं, दोन्ही एकाच वळणाची इंजिनं आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडली. तिकडे अंधार लवकर होतो. मंगळवारी मुलांनी कागदी कंदील घेऊन गावातून फेरी काढली. बाळाच्या जॅकेटला चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या आहेत. शाळेत तो आता दोन मित्रांबरोबर चालत जातो, मोठं माणूस सोबत नसतं.

मुलगा बी-वनची परीक्षा पास झाला. आयटीआयच्या प्रमाणपत्राची तपासणी अजून चालू आहे, पण उल्मच्या एका छोट्या कंत्राटदाराने त्याला मदतनीस म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी भिंतीत तारा ओढायच्या होत्या. पूर्ण मान्यतेला वर्ष-दीड वर्ष जाईल.

आम्हा दोघांच्या जाण्याचा विषय निघाला. नव्वद दिवसांचा व्हिसा, तीस हजार युरोंचा विमा, सूनबाईने तिथल्या कचेरीत आमची जबाबदारी घेतल्याचं लिहून द्यायचं. ह्यांना एप्रिलमध्ये जायचं आहे. घाटाच्या कडेने चालत माथ्यावरच्या अमश्टेटनपर्यंत चढायचं आणि मालगाडीमागचं इंजिन बघायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं आहे. मी म्हटलं, आपण जाऊ, पण आधी तिचं तिकीट. गेल्यापासून ती एकदाही आलेली नाही. रजा साठवून परीक्षेला वापरली, उरलेली बाळ आला तेव्हा. तिची आई घोटीला आहे, गुडघ्याने घरातच असते. माझ्या पेन्शनमधले बाजूला ठेवलेले पैसे त्यासाठीच आहेत. हे आधी नाराज झाले. थोड्या वेळाने म्हणाले, फेब्रुवारीत हवाही चांगली असते.

सकाळी तिला सांगितलं. तिने रजेचा अर्ज त्याच दिवशी टाकला. फेब्रुवारीचे तीन आठवडे मिळतील असं दिसतं.

संध्याकाळी घोटीला जाऊन विहीणबाईंना सांगून आले. त्यांनी लगेच विचारलं, बाळ येणार ना? मी सांगितलं, तिथे शाळा चालू असताना मुलाला असं काढून आणता येत नाही, आईवडिलांना दंड होतो. तो आणि त्याचा बाप तिकडेच राहतील. ती एकटी येईल.

विहीणबाई थोडा विचार करून म्हणाल्या, "एकटी येऊ दे. पहिले चार दिवस तिला कुणी उठवायचं नाही. तुम्हीसुद्धा यायचं नाही हं, ताई. पाचव्या दिवशी मी निरोप देते."

मी बरं म्हटलं.